कानाला लावायचं मलम

घड्याळजीची बायको गेली आणि पंधरवड्यात तिच्या मांजरीनं अन्न सोडलं. डॉक्टरांनी भूक वाढवणारं मलम दिलं. ते हातमोजे घालून रोज तिच्या कानाला आतून चोळायचं. तिसऱ्या दिवशी तिनं बशी चाटूनपुसून साफ केली आणि मोठमोठ्यानं ओरडत सुटली. कधी पलंगाखाली, कधी गॅलरीत, शेवटी बायकोच्या कपाटापाशी. मुलीला ऐकवेना. "बाबा, हिला काहीतरी दुखतंय." त्यानं डॉक्टरांना फोन लावला. "दुखत नाहीये तिला, औषधाचाच परिणाम आहे. उद्यापासून निम्मं लावा, शांत होईल," डॉक्टर म्हणाले. त्यानं ते मुलीला सांगितलं. "आणि आज?" तिनं विचारलं. घड्याळजी मांजरीशेजारी फतकल मारून बसला. "आज ओरडू दे," तो म्हणाला. "घरात कुणीतरी तुझ्या आईसाठी रडतंय तरी." मुलगी दारातच खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. त्यानं तिलाही गप्प केलं नाही.