सातचा ठोका

"तुमची वेबसाइट मला यंत्र म्हणते!" निवृत्त मुख्याध्यापक खांबेटे सरांनी वाचनालयात शिरताच मोबाइल माझ्यापुढे धरला. मागे त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गालातल्या गालात हसत होत्या.

मी कॉम्प्युटरवर फायरवॉलचं पान उघडलं. गेल्या महिन्यात कुणीतरी यंत्रांकरवी खोट्या मागण्यांचा मारा करून आमचा सर्व्हर बंद पाडला, तेव्हापासून हा पहारेकरी बसवलाय. येणाऱ्यांच्या सवयी पाहून तो स्वतःच शिकतो आणि संशय आला की दार लावून घेतो.

"सर, तुम्ही वेबसाइटवर रोज सातच्या ठोक्याला येता. नवी पुस्तकं त्याच क्रमाने, प्रत्येकाला तेवढाच वेळ देऊन बघता. माणूस इतका नेमका वागत नाही, असं त्याचं म्हणणं आहे."

"शिस्त म्हणतात त्याला!"

"मला कळायला अर्धा संसार गेला," काकू म्हणाल्या, "याला आठवड्यात कळलं."

हसू दाबत मी बंदी उठवली. "उद्यापासून फक्त थोडं मागेपुढे येत जा, सर."

सरांचा चेहरा पडला. खिशातलं पेन काढून त्यांनी विचारलं, "मागेपुढे म्हणजे नेमकं किती वाजता?"