वहीतले अकरा

वर्तमानपत्रांनी ज्याचं नाव ‘बिनचूक’ ठेवलं होतं तो माणूस भर दुपारी चष्म्याच्या दुकानात शिरला, तेव्हा चष्मेवाला एका फ्रेमचा स्क्रू पिळत होता. त्याने मान वर केली, ओळखलं आणि पुन्हा खाली घातली. असल्या पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणायची त्याची मुळीच इच्छा नव्हती.

बायकोचं तसं नव्हतं. हा चेहरा तिने शाळेच्या पुस्तकापासून काडेपेटीपर्यंत सगळीकडे पाहिला होता. खुर्ची फडक्याने पुसत ती म्हणाली, “अहो, हे तुमच्या ओळखीचे? आणि इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीत?”

“ओळखीचे कसले, जोडीदार आम्ही,” बिनचूक ऐसपैस बसत म्हणाला. “बंदूक माझी, दुर्बीण यांची. गोळी सुटली की धक्क्याने बंदूक उडते, वहिनी. मारणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. लागली की हुकली ते दुर्बीणवाल्याने बघायचं, वहीत लिहायचं, खाली सही करायची. सही असली तरच माणूस मोजायचा, नाहीतर नाही. नियमच होता तसा.”

त्याने खिशातला कागद काढून काउंटरवर पसरला. युद्धाचं संग्रहालय उघडत होतं आणि दारातच याचा पुतळा बसणार होता. पुतळ्याखाली कोरायचा आकडा कागदावर टाइप केलेला होता, एकशे एकेचाळीस. त्याखाली साक्षीदाराच्या सहीची जागा रिकामी होती.

“कर सही. परवा उद्घाटन आहे.”

“एकशे तीस,” चष्मेवाला म्हणाला.

“काय?”

“एकशे तीस लिहून आण, लगेच करतो. वहीतले अकरा खोटे आहेत.”

बायकोच्या हातातलं फडकं थांबलं. चष्मेवाल्याने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला. हे वाक्य तो वीस वर्षं मनात घोळवत होता. आज ते एकदाचं तोंडातून निघालं आणि त्याला केवढं तरी हलकं वाटलं.

“तुझ्या अकरा गोळ्या हुकल्या,” तो म्हणाला. “हुकली म्हटलं असतं तर तू लगेच दुसरी झाडली असतीस. म्हणून मी लागली म्हणायचो. अरे, समोरच्या गावातली साधी माणसं, बादल्या घेऊन पाणी भरायला बाहेर पडत होती. तो लाल मफलरवाला आठवतो? गोळी दाराच्या चौकटीत घुसली. तू विचारलंस, कुठे गेला? मी म्हटलं, आत जाऊन पडला. पडलाबिडला काही नव्हता. चांगला धडधाकट होता.”

एकशे तीस नोंदींखालची सही आपलीच आहे हे तो विसरला नव्हता. पण अकरा जण कुठेतरी जेवतखात असतील, नातवंडांवर ओरडत असतील, एवढ्या एकाच गोष्टीवर त्याला रात्री झोप लागत होती.

बिनचूक आता भडकेल, शिव्या घालेल असं त्याला वाटलं. बिनचूक हसला.

“मला काय आंधळा समजत होतास? तो मफलरवाला संध्याकाळी पुन्हा बाहेर आला. त्याच बादल्या, तोच मफलर. तू जेवायला गेला होतास. सकाळी मेलेला माणूस माझ्यासमोर पाणी भरतोय! अशी चीड आली तुझी. पण तुला काही बोललो नाही. एक गोळी घातली आणि विषय संपवला.”

“वहीत नाही ती,” चष्मेवाला कसाबसा म्हणाला.

“कशी असेल? साक्षीदार नव्हता. शिवाय तो सकाळीच वहीत चढला होता, त्याला दोनदा कसा मोजू? तसली लबाडी मी केली नाही कधी.” बिनचूकने पाय लांब केले. “तेव्हापासून तू लागली म्हणालास आणि प्रेत दिसलं नाही, की ते दार मी लक्षात ठेवायचो. तू उठून गेलास की वाट बघत बसायचं. कुणी एका दिवसात सापडला, कुणाला आठवडा लागला. तिथे दिवसभर गोळ्या चालू, तुला काय पत्ता लागणार? तुझी सही मी खोटी पडू दिली नाही.”

“अहो, काय बोलतायत हे?” बायकोने विचारलं.

चष्मेवाला काउंटरची कड धरून उभा राहिला. आपण ज्यांना वाचवलं म्हणत होतो त्यांची दारं आपणच याला दाखवत होतो. आता कसली झोप अन् कसलं काय.

“अकराही?” त्याने विचारलं.

बिनचूकचं हसू मावळलं. तो बोटांवर मोजू लागला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

“अकरा कुठले? मला नऊच सापडले.”

तो खुर्चीतून उठला आणि काउंटरवर वाकला.

“राहिलेले दोन कोण? कुठल्या गल्लीतले? सांग ना. आता त्या गावाला बस जाते, सकाळी बसलं की दुपारी पोचतो.”

चष्मेवाल्याला दोघंही लख्ख आठवत होती. पाठीला पोक आलेली एक बाई आणि खांद्यावर शिडी घेतलेला एक रंगारी.

“नऊच होते,” तो म्हणाला. “माझी मोजण्यात चूक झाली.”

“मघाशी तर अकरा म्हणालास.”

“वय झालं आता. वीस वर्षांपूर्वीचे आकडे कुणाच्या डोक्यात राहतात?”

बिनचूक त्याच्या डोळ्यांत रोखून बघत होता. चष्मेवाल्याने नजर हलवली नाही. तसंच हाताने चाचपून त्याने पेन उचललं, कागद जवळ ओढला आणि एकशे एकेचाळीसच्या खाली सही करून दिली.