घट्ट झाकण

मृणालने डब्याचं फिरकीचं झाकण पुन्हा पिळून पाहिलं आणि वैतागून हात झटकले. बाळंतीण लेकीसाठी आईने पृथ्वीवरून डिंकाचे लाडू पाठवले होते. ते टिकावेत म्हणून तिच्या नवऱ्याने, शिरीषने, डबा चंद्रतळाच्या बिनहवेच्या कोठीत ठेवला आणि सवयीने झाकण करकचून आवळलं. आवळताना स्टीलवरचा ऑक्साइडचा पातळ थर खरवडला गेला, हवा नसल्याने तो पुन्हा धरला नाही, आणि झाकणाचे अणू डब्याच्या अणूंना चिकटले.

“मग काप ना,” ती शिरीषला म्हणाली.

“जुळताना अणू ऊर्जा सोडतात, तोडताना ती परत द्यावी लागते. आणि आपल्याला वीज मोजूनच मिळते; कटर चालवला तर आज बाळाचा हीटर बंद.”

“आवळायच्या आधी आठवलं नाही हे?”

जेवणाच्या वेळी पडद्यावर आई दिसली. “लाडू खातेस ना गं? झाकण घट्ट लावत जा, मुंग्या लागतात.”