वरच्या रेघेपर्यंत

गायिका वहीबा बाईंकडे पाठ करून डॉक्टर फिक्रींनी कपाटातल्या मॉर्फिनच्या कुप्या काढून बेसिनमध्ये रिकाम्या केल्या. तळाशी राहिले ते चार थेंब सिरिंजमध्ये ओढले आणि वरच्या रेघेपर्यंत सलाइनचं पाणी भरलं.

"आटपा हो डॉक्टर! सगळं कैरो खोळंबलंय माझ्या गाण्यासाठी," बाई पलंगावरून ओरडल्या. "तुम्ही तर माझ्या मयतीलासुद्धा उशिराच याल!"

सुई टोचली. बाईंनी डोळे मिटले. "हं! आता गळा मोकळा झाला."

डॉक्टरांनी हसू कसंबसं दाबलं. पाठदुखीच्या निमित्ताने जडलेलं हे व्यसन. एकदा 'आता देणार नाही' म्हणून तोंडावर सांगितलं, तर बाईंनी त्यांना हाकलून दुसऱ्या डॉक्टरला बोलावणं धाडलं. तो तर मागेल तेवढं देणारा! शेवटी फिक्रींनी हात जोडून माफी मागितली आणि हा चोरटा मार्ग धरला. महिनोन्‌महिने औषध कमी, पाणी जास्त. चिठ्ठीवर मात्र पूर्वीइतकंच लिहायचे, नाहीतर बाईंना संशय यायचा. आणि बाई गात होत्या, पोटभर जेवत होत्या, वाद्यवाल्यांना शिव्या घालत होत्या. माणूस वाचत होतं हो, डोळ्यांदेखत!

बाईंची धाकटी बहीण नफीसा बडीशेपेचा काढा घेऊन त्यांच्या उशाशी उभी असायची. हिला तरी सांगावं, असं डॉक्टरांच्या कितीदा ओठांवर आलं. पण तिच्या पोटात काही राहायचं नाही. तंता गावच्या उरुसाला जाऊन येऊ, मग दोघींना सांगून टाकू, असं ठरवून ते गावी गेले.

परतले ते उरुसातल्या भाजक्या चण्यांचा पुडा घेऊन. बाईंचा भारी जीव त्या चण्यांवर. दारापाशी चपलांचा खच पडला होता. आतून कुराणपठण ऐकू येत होतं. पुडा हातातून सुटला आणि चणे जिन्यावरून घरंगळत गेले.

काळ्या कपड्यांतल्या नफीसाने त्यांचा हात घट्ट धरला. "काल हटूनच बसली हो! सुईशिवाय गायला उभीच राहणार नाही म्हणाली. मग कपाटातल्या कुप्या काढल्या आणि मीच टोचली. गाडीत बसायच्या आधीच मान टाकली तिने."

"किती... किती दिलंस?"

"तुम्ही द्यायचात तेवढंच, डॉक्टर. रोज बघत होते ना मी! वरच्या रेघेपर्यंत. एक थेंब जास्त नाही."