पाचव्या भागातला चेहरा

"थांबवा," चित्रकारबाई म्हणाल्या. "परत मागे घ्या."

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीत होडीतून उतरलेला म्हातारा तिसऱ्यांदा उलट्या पावलांनी होडीत जाऊन बसला. दिग्दर्शकाचा जीव टांगणीला लागला होता. मालिकेचा हा शेवटचा भाग. बाईंची सही झाल्याशिवाय तो कुठेही दाखवता येणार नव्हता, तसं करारातच होतं. संमतीचा कागद मघापासून त्याच्या मांडीवर पडून होता.

मूळ प्रेमकथा जुनी, तीन पिढ्यांनी वाचलेली. नदीकाठचा एक तरुण दूरदेशी जातो आणि वाट पाहणाऱ्या मुलीकडे तीस वर्षांनी परततो. बाईंनी त्या कथेची मांगा केली होती, म्हणजे जपानी धर्तीची काळ्यापांढऱ्या चौकटींतली पाच भागांची चित्रकथा. आता त्यावरून स्टुडिओने ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका काढली होती. पुस्तकाचे पहिले चार भाग बाईंनी वर्षाला एक असे हातावेगळे केले होते. पाचव्याला मात्र पाच वर्षं लागली. त्या भागात परतलेल्या नायकाचा चेहरा एकदाही दिसत नाही. पाठ दिसते, छत्री धरलेला हात दिसतो, पाण्यात हललेली सावली दिसते. वाचकांनी तो भाग डोक्यावर घेतला होता.

शेजारच्या खुर्चीत एका साप्ताहिकात परीक्षणं लिहिणारी मुलगी बसली होती. न दाखवलेल्या चेहऱ्यावर तिने पूर्वी चार पानं लिहिली होती. आता पुस्तक आणि मालिका यांची तुलना करणारा लेख लिहायचा म्हणून ती बाईंच्या परवानगीने आली होती. मालिका चालू असताना ती हळू आवाजात एकेक गोष्ट दाखवून देत होती. पुस्तकात नायिका एक अख्खं पान नुसती केस विंचरते, कुणी काही बोलत नाही. इथे तेवढ्या वेळात दोन व्हायोलिनं वाजून गेली. नदी फारच निळी झाली होती. बाईंनी सगळ्याला मान डोलावली होती. नायिकेच्या लालबुंद गालांकडे बघून तर त्या म्हणाल्या होत्या की हिला आधी डॉक्टरकडे न्या, प्रेमाचं नंतर बघू.

मग म्हातारा होडीतून उतरला आणि वळला, आणि बाईंनी पहिल्यांदा थांबवायला सांगितलं.

मालिकेने त्याला चेहरा दिला होता. साठीचा, चष्मा लावलेला, डोळ्यांखाली सैल पडलेला.

चौथ्यांदा पाहून झाल्यावर हा चेहरा कुणी काढला, असं त्यांनी विचारलं. दिग्दर्शकाने घाईघाईने सांगून टाकलं की तो बदलता येईल, आठ दिवस द्या, पुस्तकातल्यासारखा पाठमोरा करून देतो. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा आतल्या खोलीतून एकाला बोलावलं गेलं. स्टुडिओत सगळे त्याला मौनीबाबा म्हणत. बोटं पेन्सिलीने काळी झालेला तो माणूस आपली आता खरडपट्टी निघणार अशा समजुतीने दाराशीच उभा राहिला.

"डाव्या भुवईतली फट पहिल्या भागात आहे," तो म्हणाला. "हसताना एकाच गालाला खळी पडते, ते तिसऱ्या भागात. चौथ्यात कपाळावर पहिली आठी येते. सगळं तुम्हीच काढून ठेवलं होतं, ताई. मी फक्त वय चढवलं."

बाईंनी कागदासाठी हात पुढे केला. मुलगी त्यांच्याकडे झुकली.

"मॅडम, नका सही करू. चेहरा लपवलात, त्यातच तुमच्या पुस्तकाची सगळी ताकद आहे."

"लपवला नव्हता गं," बाई म्हणाल्या. "मला तो काढता आला नाही."

मग त्यांनी सांगितलं. एका सुरात, टीव्हीवरून नजर न हलवता. नायकाचा चेहरा काढताना समोर त्यांचा नवरा बसायचा. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, खिडकीकडे तोंड करून. मान अवघडली म्हणून कुरकुरायचा, मधेच उठून दुधाखालचा गॅस बंद करायचा आणि परत बसताना हमखास दुसरीकडेच बघायचा. चौथा भाग छापायला गेला त्या आठवड्यात तो सकाळी कामावर निघाला आणि जिन्यातच कोसळला. छत्तीस वर्षांचा होता. पुढची पाच वर्षं त्या त्याच्या चेहऱ्यावर तीस वर्षं चढवायला बसल्या. सुरकुत्या काढल्या, केस पांढरे केले. दरवेळी कागदावर शाळेच्या नाटकात आजोबा झालेला पोरगा उतरायचा. प्रकाशकाने फारच तगादा लावला तेव्हा शेवटी त्यांनी त्याला पाठमोरा केला.

बाईंनी सही केली आणि कागद दिग्दर्शकाला दिला. त्यांनी मौनीबाबाला जवळ बोलावलं, त्याचा काळा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडून दिला. मग त्या टीव्हीपाशी गेल्या, चष्मा कपाळावर सारून अगदी जवळून बघत राहिल्या.

"ह्याच्या वडिलांना तिशीतच टक्कल पडलं होतं," त्या म्हणाल्या. "आपलंही तसंच होणार म्हणून फार धास्ती घ्यायचा. कंगव्यात आलेले केस मला मोजायला लावायचा."

म्हाताऱ्याच्या दाट पांढऱ्या केसांवरून त्यांनी काचेवर बोटं फिरवली.

"उगाच घाबरत होतास रे."