पहिल्या झटक्यात

बोटीवरची नऊ महिन्यांची नोकरी संपवून रत्नागिरीला परतलेल्या दिगंबर मयेकरने सकाळी शेडमधल्या गाडीची चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तो चपापला. दर सुट्टीत बॅटरी उतरलेली असायची, मेकॅनिकला बोलवावं लागायचं. हर्षदाला, त्याच्या बायकोला, तर गाडी चालवता येत नव्हती.

त्याने मीटर पाहिला, पण जाताना आकडा किती होता ते आठवेना. ड्रायव्हरची सीट कुणी मागे सरकवली आहे का, तेही त्याने हात घालून पाहिलं. मग तो तडक स्वयंपाकघराच्या दारात गेला.

"माझ्या माघारी गाडी कोण नेत होतं?"

"कोणी नाही."

"मग बॅटरी चार्ज कशी राहिली?"

हर्षदाने गॅस बंद केला आणि त्याला शेडपाशी नेलं. पत्र्यावर वहीएवढं सोलर पॅनेल बसवलेलं होतं. त्याची वायर खाली येऊन बॉनेटमध्ये शिरली होती.

"गेल्या सुट्टीत तुमचे दोन दिवस मेकॅनिकच्या मागे गेले. म्हणून हे मागवलं. शिडी लावून मीच बसवलं."

दिगंबर ओशाळला. हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "अगं, मग आधीच सांगायचंस ना!"

"तुम्ही विचाराल, गाडी चालू कशी झाली, तेव्हा सांगणार होते," ती म्हणाली. "तुम्ही आधी विचारलंत, कोण नेत होतं."