कानाला खडा

"सकाळपासून नुसतं ओरडणं चाललंय. या वस्तीतल्या बायकांना सवयच असते," आया म्हणाली.

मोठ्या सिस्टरनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. आया बादली उचलून निघून गेली.

मागच्या वर्षी असंच बोलून साऱ्या वॉर्डाने एका बाईकडे कानाडोळा केला होता. संध्याकाळपर्यंत तिचं बाळ पोरकं झालं. मग शिकवायला बाहेरून एक डॉक्टरीणबाई आल्या. कपडे बघू नका, बोली बघू नका, बाई सांगते ते आधी खरं माना, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. बाकीच्यांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. मोठ्या सिस्टरनी मात्र कानाला खडा लावला.

"बाई, डोकं फुटतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. खोटं नाही बोलत हो," सकाळपासून ओरडणारी ती गरोदर बाई म्हणाली.

"खोटं कोण म्हणतंय? मी आहे इथे." सिस्टरनी तिचा हात धरला आणि डॉक्टरला बोलावणं धाडलं.

समोरच्या खाटेवर त्यांची लेक होती. याच वॉर्डातली नर्स, सकाळीच बाळंत झालेली. मायलेकींनी इथे किती बाळं हातावर झेलली असतील, देव जाणे.

"आई, थंडी वाजतेय गं. आणि पाणी दे."

"आत्ता तर प्यायलीस. घसा आहे की रांजण?" सिस्टरनी तिला पाणी पाजलं, जाड ब्लँकेट घातलं आणि चारी बाजूंनी नीट खोचलं.

नवी नर्स तिला तपासायला आली.

"तिचं राहू दे गं. काही झालं तर ती आपणहून सांगेल. आपल्यातलीच आहे, तिला सगळं कळतं. तू इकडे ये," सिस्टर म्हणाल्या.

"जा गं, ती बिचारी घाबरलीय," लेकही जांभई देत म्हणाली.

डॉक्टर कुरकुरतच आला. "सकाळी बघितलं होतं की हिला."

"परत बघा."

रक्तदाब भलताच चढला होता. मग एकच धावपळ उडाली. सिस्टर तिच्यासोबत ऑपरेशनच्या खोलीत गेल्या आणि शेवटपर्यंत हलल्या नाहीत. बाळ रडलं, बाईही वाचली. बाहेर तिची सासू सिस्टरांचे हात धरून ढसाढसा रडली. "तुम्ही ऐकलंत म्हणून," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

सिस्टरांचं मन भरून आलं. वर्षभर उरावर असलेला धोंडा आज कुठे उतरला होता. कधी एकदा लेकीला सांगते असं त्यांना झालं.

वॉर्डात लेकीचं बाळ टाहो फोडत होतं. लेक त्याच्याकडे तोंड करून शांत झोपली होती.

"अगं कुंभकर्णे, पोर भुकेलंय. ऊठ."

तिला पाजायला बसवावं म्हणून सिस्टरनी ब्लँकेट ओढलं. खालची गादी रक्ताने चिंब झाली होती आणि लेक केव्हाच गार पडली होती.